वाडीचा फोन

माझ्या मुलाला मोटारींचं वेड आहे, हे लग्न ठरवताना मी मुलीकडच्यांना स्वच्छ सांगितलं होतं. मुलीला ढगांचं वेड आहे, हे मात्र त्यांनी मला सांगितलं नाही. लग्नाला महिना झाला नसेल, तोच आमच्या गच्चीवर मी जिथं पापड वाळत घालायची, तिथं पद्मजानं एक पांढरी, जाळीची पेटी उभी केली. आत दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या बुडाला ओली चिंधी. शेजारी पावसाचं पाणी मोजायचं नळकांडं. ती कॉलेजात भूगोल शिकवते. मी जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिकाही झाले, त्यामुळं वेड्या माणसांची मला सवय आहे. मी पापड खाली अंगणात घालायला लागले.

मुलगा यज्ञेश्वर दिवसा एका फाउंड्रीत इंजिनिअर आणि संध्याकाळी उद्यमनगरात बाळासोच्या गॅरेजात. बाळासो त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी मिळून एका जुन्या गाडीच्या सांगाड्यावर बुटकी, दोन माणसांची, बिनटपाची शर्यतीची गाडी बांधली होती. आत बसलं की हात जमिनीला लागे. मी एकदा बसले होते. शिरोली नाक्यापर्यंत जाऊन आलो. भीती वाटली का म्हणाल, तर नाही. मला आणखी पुढं जायचं होतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की म्हातारी पहिल्यापासूनच घाबरट.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली गोष्ट. उचगावच्या पुढं माळावर विमानांची धावपट्टी आहे. विमान क्वचितच यायचं, म्हणून मोटार मंडळ तिथं शनिवार-रविवार शर्यती भरवी. पट्टीवर ड्रम मांडायचे, दोन्ही टोकांना वळणं करायची, कडेला भाताच्या पिंजराचे भारे, गाडी घसरलीच तर अडावी म्हणून. मुंबई-पुण्याच्या, बेळगावच्या गाड्या येत आणि माणसं तर खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जुंपून येत. आदल्या वर्षी भर शर्यतीत वळीव कोसळला. धुळीवर पाणी पडून पट्टीचं शेवाळ झालं. बेळगावचा एक पोरगा ड्रम उडवत माळावर गेला आणि त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

म्हणून यंदा मंडळानं पावसावर लक्ष ठेवायचं काम पद्मजाला दिलं. तिनं सांगितलं की शर्यत थांबवायची, असं ठरलं. थांबवणार बाळासो, कारण शर्यतीचा प्रमुख तो. आमची गाडी बांधणाराही तोच आणि निशाण दाखवणाराही तोच. आमच्याकडं हे असं चालतं, कारण दिवसभर उन्हात उभं राहायला दुसरा कोणी तयार नसतो.

आता टायरचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. बाळासोनं मशीनवर टायरची नक्षी घासून पार गोटा केली होती. असे गुळगुळीत टायर कोरड्या पट्टीला घट्ट चिकटतात, वळणावर गाडी इंचभर सरकत नाही. पण पाणी पडलं की त्यांच्या साबणाच्या वड्या होतात. नक्षीचे टायर पावसात धरून राहतात, मात्र कोरड्यात मागं पडतात. शिवाय शर्यत सुरू झाल्यावर टायर बदलायला वेळ नाही. तेव्हा प्रश्न एकच, पाऊस येणार की नाही, आणि तो माझ्या सुनेच्या गळ्यात.

रेडिओवर पुण्याचा अंदाज यायचा, की तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस. तुरळक ठिकाणी म्हणजे कुठं, ते ज्याच्या डोक्यावर पडेल त्यालाच कळायचं. वळवाचं असंच असतं, बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं. मेमध्ये रोज दुपारी चारी बाजूंना ढग उभे राहतात. त्यातला कुठला चालून येईल हे नुसतं बघून कळत नाही. पद्मजाचं म्हणणं असं की कोल्हापूरची माणसं पावसासाठी पन्हाळ्याकडं बघतात, ती जूननंतरची सवय. मोठा वळीव येतो तो उगवतीकडून, नृसिंहवाडीच्या अंगानं, आणि वाडीत सुटला की माळावर यायला त्याला तासभर तरी लागतो. तेवढा तास हातात आला की गाड्या सुखरूप थांबवता येतात.

तिनं दोन माणसं बसवली. पन्हाळ्याला तालुका कचेरीतले अंबादास कारकून, आणि वाडीला गणपतराव. गणपतरावांची शेती होती, म्हशी होत्या, देवळाच्या वाटेवर पेढ्यांचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता. त्यांची मुलगी पद्मजाच्या वर्गात. दोघांनाही तिनं एकच सांगितलं, की वारा सुटला, धूळ उठली, थेंब पडला, तर ताबडतोब माळावरच्या मंडपात फोन करा. काही नसेल तर करू नका, उगाच लाइन अडकायला नको. म्हणजे फोन नाही, तर पाऊस नाही.

मी तेव्हाच म्हणाले होते की वर्ग शांत आहे म्हणजे पोरं गणितं सोडवतायत असं धरून चालू नये. पद्मजा हसली. सासूचं शहाणपण सुना हसूनच घेतात. मीही माझ्या वेळी तेच केलं.

शनिवारी मोठी शर्यत ऊन कलल्यावर होती. यज्ञेश्वर मंडपात आला आणि त्यानं पद्मजाकडं नुसतं बघितलं. अंबादासांचा पन्हाळ्याहून फोन येऊन गेला होता, काही नसेल तर करू नका असं सांगून ठेवलं असताना, इकडं कडक ऊन आहे म्हणून कळवायला. वाडीचा फोन नव्हता. पद्मजा म्हणाली, “कोरडं.” त्यानं मान हलवली आणि बाळासोच्या गॅरेजातल्या पोरांनी गोटा टायर चढवले. त्या एका शब्दावर तो गाडीत बसला.

मी मंडपात पद्मजाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मुंबईच्या एका उद्योगपतीच्या मुलाची लाल परदेशी गाडी आली होती, ती मांजरासारखी गुरगुरत होती. आमची गाडी खोकत होती. पण निशाण पडलं आणि पहिल्याच वळणावर आमचा यज्ञू तिच्या आतून निसटला. लोकांनी पटके उडवले. मी उभी राहिले आणि बसायचं विसरले. खरं सांगते, मला तो जिंकायला हवा होता. मुंबईच्या त्या लाल गाडीला उद्यमनगरातल्या भंगारानं हरवलेलं मला याच डोळ्यांनी बघायचं होतं.

नियम असा की निम्म्या फेऱ्यांच्या आत शर्यत थांबली तर सगळं रद्द, आणि निम्म्यानंतर थांबली तर त्या घडीला जो पुढं तो विजेता. निम्म्या फेऱ्या झाल्या. यज्ञू पुढंच होता, लाल गाडी त्याच्या शेपटाला. पद्मजा सारखी बाहेर जाऊन ढगांकडं बघून येई. उगवतीला ढग होते, मावळतीलाही होते; गेला आठवडाभर ते रोज तसेच होते. गाड्यांच्या आवाजात गडगडाट झाला असता तरी ऐकू आला नसता.

तेवढ्यात मंडपाचा कनातीचा पडदा बाजूला झाला आणि एक घामाघूम गृहस्थ आत आले. डोक्याला पटका, हातात पेढ्यांचा पुडा. मी त्यांना ओळखलं नाही. पद्मजानं ओळखलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ते गणपतराव होते.

“ताई, म्हटलं फोनवर काय सांगायचं, समक्षच सांगून यावं. वाडीत पावसाचं काय न्हाय बघा.”

त्यांनी पुडा टेबलावर ठेवला आणि फोनच्या शेजारीच टेकले. माणूस मनाचा इतका मोठा की त्याला ओरडणार कसं? मास्तरीणबाईंनी विश्वासानं काम सांगितलंय, तर फोनवर दोन शब्दांत वासलात लावायची हे त्यांना बरं दिसलं नव्हतं. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून पेढे. शिवाय मोटारी बघणं होईल ते वेगळंच.

पद्मजानं आवाज चढू न देता विचारलं, निघालात कधी? जेवून निघालो म्हणाले. दुधाच्या गाडीनं इचलकरंजी, तिथनं एस्टी, मग उचगावपासून चालत. दुकानात कोण आहे? बायको आहे, बयाबाई. पण ती फोनला हात लावत नाही, झटका बसतो म्हणते.

म्हणजे दुपारपासून वाडीत बघणारं कोणी नव्हतं. वाडीचा फोन आला नाही, कारण फोन करणारा एस्टीत बसला होता. आणि त्या न आलेल्या फोनवर माझा मुलगा गोटा टायर लावून पट्टीवर होता.

पद्मजानं फोन उचलला आणि वाडीचा कॉल मागितला, सगळ्यात तातडीचा. बाहेरून गाड्या गेल्या, मंडपाचे बांबू थरथरले. यज्ञूची गाडी पुढं, तिच्या मागं लाल. पद्मजा रिसीव्हर कानाला लावून उभी होती आणि तिचा दुसरा हात टेबलाची कड धरून होता. एक्स्चेंजमधल्या बाईनं काय सांगितलं ते मला तिच्या तोंडावरूनच कळलं. तिकडची लाइन बंद झाली होती. मघाशी चालू होती, आत्ताच गेली.

लाइन जाणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. त्या दिवसांत फोन चालू असला तर लोकांना नवल वाटायचं. वाऱ्यानं खांब पडला असेल, किंवा एखाद्या म्हशीनं खांबाला अंग घासलं असेल. पद्मजा बाहेर गेली. मी मागोमाग गेले. मंडळाचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता, सकाळपासून वारा होता तो पडला होता. ऊन मात्र रणरणत होतं. उगवतीचा ढग मघापेक्षा मोठा होता की नव्हता? मला ठरवता आलं नाही. तिलाही आलं नसावं.

ती माझ्याकडं वळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. “माई, थांबवू का?”

माझ्या तोंडात आलं होतं, थांब, आणखी थोड्याच फेऱ्या राहिल्यात. आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं बेळगावच्या पोराची आई आली होती. दोन्ही एकदम. मी म्हणाले, “मला विचारू नकोस. मी आई आहे, मला बारा महिने पाऊसच दिसतो. तुला काय दिसतं ते बघ.”

ती बाळासोकडं धावत गेली. मी चालत पोचेपर्यंत त्यांची जुंपली होती. बाळासो लाल निशाण काखेत धरून उभा होता आणि ते सोडत नव्हता. तो डोक्यावरच्या आभाळाकडं बोट दाखवत होता, तिथं ढगाचा ठिपका नव्हता. मग त्यानं आवाज खाली आणला. जे खरं होतं ते तो बोलला, आणि ते मलाही मघापासून टोचत होतं.

“वहिनी, यज्ञू पुढं हाय. आत्ता थांबवलं की त्योच जिंकला. बायकोनं पाऊस म्हनायचं, दोस्तानं निशान दाखवायचं आन् नवऱ्यानं कप न्यायचा. आन् पाऊस आलाच न्हाय तर? लोक तोंडात शेन घालतील आमच्या.”

गाड्या पुन्हा समोरून गेल्या. लाल गाडी आता इतकी जवळ होती की दोन्हींच्या मध्ये हात घालायला जागा नव्हती. मला वाटलं, झालं, आता ही माघार घेणार. अब्रूपुढं भलेभले नमतात. मी माझ्या नोकरीत पाहिलंय, की माणूस मार खाईल, पण चोर म्हणवून घेणार नाही.

ती म्हणाली, “ह्यांचं नाव खोडा.”

बाळासोला कळलं नाही.

“आजची शर्यत रद्द म्हणून पुकारा. कप कुणालाच नाही. उद्या सगळ्यांनी परत पळवा. मग तर झालं? पण आत्ता थांबवा, बाळासो.”

बाळासोनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं, कारण ती गाडी त्यानं स्वतःच्या हातांनी बांधली होती आणि ती पहिली येत होती. मग त्यानं निशाण काखेतून काढलं, पट्टीच्या कडेला गेला आणि दोन्ही हातांनी फडकवलं.

गाड्या थांबल्या. एकदम शांतता झाली आणि मग त्या शांततेत कर्ण्यावरून बाळासोचा आवाज आला, की हवामानाच्या कारणास्तव आजची शर्यत रद्द. लोकांनी एकसाथ वर बघितलं. डोळे दिपतील असं ऊन. कोणीतरी हसलं आणि मग सगळा माळ हसायला, शिट्ट्या मारायला लागला. ‘बाई, छत्री घ्या’, असं एकजण ओरडला. सोड्याची एक बाटली मंडपाजवळ येऊन फुटली.

आम्ही वाट बघत उभ्या राहिलो. पावसाची इतकी वाट दुष्काळातल्या माणसानंही बघितली नसेल. काही वेळानं उगवतीला धुळीचा एक तांबडा पडदा उठला. लोक गप्प झाले. पडदा मोठा झाला, त्याच्यामागं काळं दिसायला लागलं, वीजही लकाकली. पद्मजानं माझा हात धरला होता, तो तिनं आवळला. मग ते सगळं हळूहळू उजवीकडं सरकलं, कागलच्या अंगाला गेलं, आणि दिसेनासं झालं. माळावर एक गार झुळूक आली. चार थेंब पडले, ते पट्टीला लागायच्या आत वाळले. पुन्हा शिट्ट्या सुरू झाल्या.

संध्याकाळच्या एस्टीनं आलेल्या माणसांनी सांगितलं की वाडीत गारा पडल्या, झाडं आडवी झाली, गणपतरावांच्या दुकानाचा पत्रा उडून घाटावर गेला. बयाबाई धडधाकट होत्या. गणपतराव ते ऐकून जे उठले ते चप्पल विसरून गेले. पण माळावर बसलेल्याला वाडीच्या गारांचं काय? त्याच्यापुरतं खरं एवढंच होतं, की बाईनं पाऊस सांगितला आणि ऊन पडलं.

यज्ञू मंडपात आला तो त्याआधीच. हेल्मेटनं कपाळावर वळ उठला होता. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो रागावला की हळू बोलतो.

“पद्मा, पाऊस कुठाय?”

“आला नाही.”

“मी पुढं होतो.”

“माहीत आहे.”

“माझं नाव खोडायला तू सांगितलंस?”

“हो.” तिनं नजर खाली घेतली नाही. “चुकलं माझं. पाऊस इथं येईल वाटलं, तो तिकडं गेला. पण वाडीत कोणी बघणारं नसेल, आणि तुमच्या गाडीला ते टायर असतील, तर उद्याही मी हेच करीन.”

तो बाहेर गेला. रात्री घरी जेवताना त्यानं ताक मागून घेतलं, तेवढंच बोलला. तो रागावलेला होता आणि मला त्याच्या रागाचा राग येत नव्हता. इतक्या वर्षांच्या मेहनतीचं फळ तोंडाशी आलं होतं आणि ते बायकोनं काढून घेतलं होतं. दुसरा असता तर ताट भिरकावलं असतं.

रविवारी सकाळी आम्ही माळावर गेलो तेव्हा पद्मजाकडं बघून लोक कुजबुजत होते. वाडीची लाइन अजून बंदच होती. गणपतराव पत्रा शोधत असणार. पन्हाळ्याहून अंबादासांनी मात्र न चुकता ऊन असल्याचं कळवलं होतं. गाडी उभी होती, शेजारी दोन्ही जातीचे टायर मांडलेले. यज्ञू मंडपाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. सगळ्यांच्या देखत त्यानं कालचाच प्रश्न विचारला, की कोरडं का ओलं.

तिला ‘कोरडं’ म्हणता आलं असतं. कालचं सगळं त्या एका शब्दात धुतलं गेलं असतं, आणि आभाळही तिच्या बाजूचं होतं. ती बराच वेळ उगवतीकडं बघत राहिली.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

मुंबईवाल्याची माणसं हसली. यज्ञू वळला आणि त्यानं बाळासोला सांगितलं, नक्षीचे लाव. बाळासोनं कपाळावर हात मारला. ऊन बघ की मर्दा, म्हणाला, आज न्हाय येत पाऊस, लेकराला पन कळतंय.

“ती माहीत नाही म्हणते,” यज्ञू म्हणाला. “मग मला कसं माहीत असेल?”

त्या दिवशी कडकडीत ऊन पडलं. संध्याकाळपर्यंत ढगाचं एक पिल्लू इकडं फिरकलं नाही. लाल गाडीनं आमच्या गाडीला एकदा मागं टाकलं, मग पुन्हा फेरी मारून आणखी एकदा मागं टाकलं, आणि दर वळणाला नक्षीचे टायर रडत होते, ते आम्हाला मंडपात ऐकू येत होतं. यज्ञू शेवटून दुसरा आला. त्याच्या मागं एक पुण्याचा होता, त्याचं इंजिन बंद पडलं होतं. लोक हसत होते. पद्मजा पदर तोंडाला लावून रडत होती. आणि मी, जन्मभर पहिल्या नंबराच्या मुलींच्याच पाठीवर थाप मारलेली बाई, खुर्चीतून उठले आणि तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.